सोबत : एक

मे महिन्यात दुपारी दोननंतर
आमच्या ऑफिसात कूलर तेवढा काम करतो,
तोही धाप लागल्यासारखा मधेमधे थांबून.
सिव्हिल लाइन्स, वजनमापे कार्यालय, तळमजला.
खिडकीशी आवक-जावक. आवक-जावक म्हणजे मी.

डाव्या हाताला रद्दी :
दोन हजार अकरा साली बाद झालेले नमुने,
एका अंगाने छापील, दुसऱ्या अंगाने
कुणी कधी काही विचारलेलंच नाही असे.

पेन सुतळीने टेबलाला बांधलेला.
काट्यामापांवर शिक्का घ्यायला आलेले लोक
सही करतात आणि पेन खिशात घालून
इतवारीपर्यंत पोचतात, म्हणून.
सुतळी वीतभर, म्हणून माझी चित्रंही वीतभर.
उंट काढायला घेतला तर त्याला गुडघे टेकावे लागतात.
ताडाचं झाड कुणाच्या तरी पाया पडतं.

"हो सर, पाठवते सर," फोन खांद्यात,
आणि हात आपला परस्पर कुठेतरी निघालेला :
तराजूच्या एका पारड्यात मांजर, दुसऱ्यात
तिने अजून न प्यायलेलं दूध.
चष्मा लावून स्वतःच्या फोडी मोजणारं संत्रं,
दर वेळी एक कमी भरते.
लांजेवार साहेबांची मिशी, साहेबांशिवाय,
खुर्चीत बसलेली;
तिच्यापुढे तोंड उघडून उभा स्टेपलर.

हेडाऊबाई डबा झाकता झाकता वाकतात.
"काहून वं सुकेशिनी, काय काढून राहिली?"
"शाई उतरते का ते पाहून राहिली."
"उतरली का?"
"थोडी."

सोमवारी काटोलचं टपाल घाईत गेलं.
पत्राखाली टंकलेलं, सोबत : एक.
पाचला टेबल आवरताना ते एक
पॅडाखाली जसंच्या तसं सापडलं.
सापडला नाही तो कूलर,
चार पाय फुटलेला, पाइप सोंडेसारखा वर धरून
फुटाळ्यावर पाणी प्यायला निघालेला.
जावक क्रमांक अकराशे त्र्याहत्तर.
क्रमांक पडला की कागद सासरी गेला.

तीन आठवडे मी खुलासा पाठ केला.
"सदर आकृती नजरचुकीने..."
आकृती म्हणायचं की यंत्र, यात दोन रात्री गेल्या.
पाणी मारूनही गच्ची पाठीला चटके देत होती,
नवरा घोरत होता, आणि मला वाटे
काटोलात कुणीतरी आत्ता
तो कागद उजेडाला धरून बघतंय.
त्या दिवसांत काही काढलं नाही.
नुसत्या रेघा. आडव्या.
पट्टीने मारल्यात वाटावं इतक्या सरळ.

मग लिफाफा आला.
"उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की
आपले सहपत्र प्राप्त झाले नाही.
जे प्राप्त झाले ते मूळ प्रतीत परत."
खाली सही, कुणाचीही असू शकेल अशी.
कूलरच्या पोटावर काटोलचा गोल शिक्का,
आवक क्रमांक, तारीख. शासकीय झाला बिचारा.
आणि त्याच्या मागे,
त्याची वायर तोंडात धरून
एक एवढंसं पिल्लू.
टेबलफॅन असावा. पाती तीन, एक वाकडी.
हिरव्या शाईत.

हिरवी शाई आमच्याकडे साहेबांचीच असते.

दोनदा दाराकडे बघितलं.
मग रजिस्टर ओढलं.
विषय : परत आलेले सहपत्र. नग : दोन.
कार्यवाही : प्रलंबित.

टेबलफॅनला तहान लागते का, माहीत नाही.
लागत असणार.
तळं अजून तीन बोटं लांब आहे
आणि सुतळी संपली.