करंट गेल्यावर

वडगावात दुपारी दोनला करंट जातो.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प होतात
आणि कानात थोडा वेळ त्यांचं भूत खडखडत राहतं.
नवरा शिवी हासडतो, काडेपेटी शोधतो.
मी तोंडदेखलं "श्शी" म्हणते
आणि कांड्यांच्या टोपलीतलं पुस्तक वर काढते.

पाप लागेल एखाद्या दिवशी.
साडीमागं मजुरी, बंद मागाला शून्य,
आणि मी सकाळपासून मनात घोकत असते,
जा रे बाबा, जा एकदाचा.

वाचनालयाचं पुस्तक. पाठीवर निळी कापडी पट्टी,
आत जांभळा शिक्का, मुचंडीकर मास्तरांची तिरकी सही.
गोष्ट जुन्या काळातली:
एक शिलेदार, एक रंगाऱ्याची लेक.
तिचे हात कोपरापर्यंत निळे.
तो पागोटं रंगवायला टाकतो आणि न्यायला विसरतो.
तीनदा विसरतो. इतका विसराळू माणूस
लढाईत टिकला कसा, लिहिणाराच जाणे.

इतकं गोड, की दाताला कळावं.
एकशे चाळीस पानं झाली, अजून बोटाला बोट नाही.
चंद्र तेवढा वेळेवर उगवतो,
घोड्यालासुद्धा दोघांचं मन कळतं.
मी हसते,
आणि पान उलटायला बोट ओलं करते.

भिंतीपलीकडं निंगव्वा.
तिला मराठी कळतं, वाचता येत नाही;
मला कन्नड बोलता येतं, बसची पाटी वाचताना अडखळते.
छातीभर भिंत. भिंतीवर तिचं तांदळाचं सूप,
माझं पुस्तक.
"मुंद एनातु?"
पुढं काय झालं.
मग मी शिलेदाराला कन्नडात आणते.
'प्रिये'ला काही केल्या शब्द सापडत नाही,
तर ती म्हणते, नुसतं "बा इल्ली" म्हण की.
इकडं ये. तेवढ्यात सगळं येतं.

दोनशे पानांवर तो मोहिमेला गेला.
पाच पावसाळे एका परिच्छेदात उरकले.
निंगव्वाचा हात सुपात थांबला.
"पाच?"
"पाच."
"मग घरात रेशन कोण आणत होतं?"
मी पान मागं उलटून पाहिलं.
लिहिलेलं नव्हतं.

तिचा नवरा इचलकरंजीला गेला होता,
महिन्याभराचं काम म्हणून.
सहाव्या वर्षी परत आला,
हातात स्टीलचा डबा, डब्यात अर्धी भाकरी.
तिनं डबा घासून पालथा घातला.
त्यापलीकडं गल्लीला काही ऐकू आलं नाही,
माग चालू होते.

शेवटचं पान काल रात्री एकटीनंच वाचलं,
मोबाईलच्या उजेडात, नवऱ्याकडं पाठ करून.
तो येतो. दारात दोरीवर तेच पागोटं,
दर दिवाळीला नव्यानं निळीत बुडवलेलं.
ती मान खाली घालून म्हणते,
"आपलीच वाट पाहत होते."
चंद्र वेळेवर. समाप्त.
मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

आज निंगव्वाला सांगितलं.
तिनं सगळं ऐकलं, पागोट्याच्या रंगासकट.
"एवढंच म्हणाली?"
"एवढंच."
बराच वेळ ती एक खडा बोटांत फिरवत राहिली.
मग रंगाऱ्याच्या लेकीच्या वतीनं,
हळू, कुणावर न रागावता, म्हणाली,
"इष्ट दिन एल्लिद्दी?"

इतके दिवस कुठं होतास.

तेवढ्यात करंट आला.
तिनं सूप उचललं, मी कांड्या.
पण हिशेबाची पेन्सिल कानामागं होती.
'समाप्त'च्या वर, दोन ओळींच्या सापटीत
मी ते लिहून टाकलं,
माझ्या अक्षरांत, तिच्या भाषेत.

मुचंडीकर मास्तर पाच रुपये दंड करतील, करू देत.
पुढच्या वाचणारीला वाटेल,
छपाईत राहून गेलेलं
कुणीतरी भरलंय.