हातचा एक

पंधरा मार्चला सहा दिवस उरले.
हौदाशेजारच्या फळीवर बुटांचं खोकं,
त्यात वर्षभराच्या पावत्या,
भिजून वाळलेल्या, सोयाच्या सायीसारख्या कडक.
काहींवर आकडा आहे, दुकानाचं नाव गेलं.
काहींवर नुसता माझा अंगठा.

कोसाकु असता तर हे त्यानं निस्तरलं असतं.
तो वहीत, मी पाण्यात,
बावीस वर्षं अशीच वाटणी.
गेल्या वसंतात म्हणाला, ताई,
पहाटे तीनला उठून कंटाळलो,
आणि तोयामाला एका गोदामात लागला.
पगार येतो तो कर कापूनच येतो म्हणे.
किती सुखाचं ते, कापून येणं.

व्यापारी संघाचा नागाते, तिशीचा पोरगा,
हात न लावता पावत्या बघतो.
निळा अर्ज भरू, हिसाए-सान, सूट जास्त मिळेल,
पण नोंद दुहेरी हवी.
प्रत्येक येन दोनदा लिहायचा,
आला कुठून, गेला कुठं.
माणसांना कुणी इतकं विचारत नाही.

मग विचारतो, खाली दुकान, वर तुम्ही,
विजेत घर किती, धंदा किती?
मी जिन्याकडे बघते.
रात्री सोयाबीन भिजत घालते, वर येते,
अर्ध्या झोपेत मला ते फुगताना ऐकू येतं.
ही झोप कुठल्या खात्यात?
तो हसत नाही. पाणी नव्वद टक्के धंदा धरू, म्हणतो,
दहा टक्के तुमची आंघोळ.
टोफूसुद्धा जवळपास नव्वद टक्के पाणीच.
म्हणजे मी पाणी विकते
आणि उरलेल्यात न्हाते.

नदीपलीकडच्या सोबावाल्या इकुशिमाबाईंची चिठ्ठी,
अक्षर नेहमीसारखं सुंदर:
तुमचा नोंदणी क्रमांक कळवावा,
नसल्यास दरात थोडं समजून घ्यावं.
क्रमांक घ्यावा तर विक्रीकर माझ्या गळ्यात,
न घ्यावा तर दर वडीमागे सात येन.
तीन रात्री पाटीवर गणित मांडलं,
दोन्हीकडून तोटाच. एकीकडून जरा सभ्य.
घेतला.
टी आणि तेरा आकडे. पाठ होत नाहीत.

मालमत्तेच्या रकान्यात एकच ओळ,
सोया दळायचं यंत्र.
अकरा वर्षांपूर्वी ओसाकाहून आणलं,
परतताना गाडीत आम्ही भांडलो, कशावरून ते आठवत नाही.
दर वर्षी वहीत ते थोडं थोडं झिजत गेलं.
आज किंमत: एक येन.

चुकलं का काही? शून्य का नाही?
नागाते पहिल्यांदा मान वर करतो.
शून्य लिहिलं की ते वहीतून जातं.
यंत्र अजून चालतं ना?
मग एक येन ठेवायचा, विसरू नये म्हणून.
त्याला नावच तसं आहे.

आमच्या शाळेत दोन वर्गांना मिळून एक खोली.
सात नि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक.
तो एक मी हमखास विसरायचे.
धाकट्यांच्या बाकावरून कोसाकु
बाईंच्या नकळत
एक बोट वर करायचा.

कर निघाला अडतीस हजार चारशे.
वाटला होता त्याहून कमी, परवडेल त्याहून जास्त.
टपालातून येताना मी आल्याचा तुकडा घेतला,
पावती मागितली, मग आठवलं,
हे तर घरचं.

पहाटे तीनला यंत्राचा पट्टा तुटला.
झाकण उघडलं तर आत पेन्सिलीनं, भावाच्या हातचा,
पट्ट्याचा नंबर, दुकानाचा फोन,
आणि खाली: आधी मेन स्विच बंद कर.
एका येनच्या यंत्राला
चार हजार आठशेचा पट्टा.

दुरुस्ती खर्च, नागाते फोनवर म्हणाला, पूर्ण वजा होतो.
पावती जपा.

जपली. या वेळी कोरड्या जागी,
जिन्याच्या चौथ्या पायरीवर,
जी अजून ठरली नाही
घरची की दुकानची.