ओली की कोरडी

उद्यमनगरात बाबालाल मेस्त्रींनी विचारलं,
‘वजन किती होडीचं?’
तीनशे किलो.
‘ओली का कोरडी?’
मला ठाऊक नव्हतं.

पाच फेऱ्यांना एक, असली विंच काढली त्यांनी.
‘वेळ लागंल, पण खांदा ऱ्हाईल.
आन् तार नको, पट्टा घ्या.
तार तुटली की तोंड बघत न्हाई कुणाचं.’

राजाराम तलावाचा काठ.
शीड गुंडाळलेलं, ट्रेलर अर्धा पाण्यात.
हँडल फिरवतोय.
खटका कट् म्हणतो, आणि
बोटभर होडी वर येते,
बोटभर तळं
तिच्या बुडातून गळत
माघारी जातं.

मध्येच हात घसरला.
खटक्यानं धरलं.
होडी तिथंच, उतारावर, शेवाळासकट
ठिबकत राहिली.

ओली, बाबालालभाई.
आत्ता सांगतो.
ओली.