छाट

बंद गिरणीच्या रंगखात्यात
(आता त्याला कलासंग्रहालय म्हणायचं,
तिथं मला पगार मिळतो, म्हणून मीही म्हणते)
शनिवारी सात वाजता जपानी फिल्म लागली.
भारतात पहिल्यांदाच, असं निमंत्रणावर छापलेलं.
खुर्च्या साठ, माणसं एकोणीस.
त्यात एक गेटवरचा वॉचमन
आणि एक माझी अम्मा.

अम्मा फिल्मसाठी आली नव्हती.
हजारातल्या चारशे विड्या राहिलेल्या, घरी वीज गेलेली.
"तुमच्याकडं पंखा चालू हाय का?" फोनवर एवढंच.
मग सूप, कात्री, ओल्या फडक्यातली पानं
पिशवीत भरून अशोक चौकातनं रिक्षा.
खुर्चीत मांडी घालता येत नाही म्हणाली,
मागच्या भिंतीला टेकून फरशीवर बसली.
फरशीच्या फटीत अजून निळा रंग आहे.

दस्तगीर सरांनी दिग्दर्शिकेचं पत्र वाचलं.
किनुए नाएमुरा, वय एकोणसत्तर.
वडील गेल्यावर त्यांच्या घरातली एक खिडकी
तिनं सव्वीस दिवस चित्रित केली.
मग ते रीळ तिथल्याच अंगणात पुरलं
आणि अकरा महिन्यांनी उकरलं.
मातीनं छाटून जे ठेवलं, ते पाठवते आहे.
आवाज नाही. क्षमा असावी.
खाली सही, आणि सोलापुरात ऊन फार असतं का, ही चौकशी.

मग बावन्न मिनिटं खिडकी.
खिडकीवर बुरशी, बुरशीवर चरे,
कधी कडेनं जळल्यासारखा पिवळा,
कधी नुसते ठिपके, ज्वारीच्या पिठासारखे उडालेले.
वॉचमन दोनदा उठून मला सांगून गेला,
मॅडम, मशीन बिघडलंय.
जुळे सोलापूरचे वकीलसाहेब
दारात जाऊन प्लॉटचं बोलत राहिले.

अम्मा पडद्याकडं बघत होती.
हाताकडं ती चाळीस वर्षांत बघितलेली नाही.
पान, फर्मा, कात्री.
चिमूटभर तंबाखू, अंगठा, दोरा.
मधे कुठंतरी मातीनं सगळंच खाल्लेलं,
चार मिनिटं पडदा काळा,
आणि त्या काळ्यात
कट्,
कट्,
कट्.
कुणीही मागं वळून पाहिलं नाही.
नंतर वकीलसाहेब म्हणाले,
साउंड मात्र अप्रतिम होता.

चर्चा ठेवली होती. चर्चेला कुणी बोलेना.
सर चष्मा पुसत राहिले.
तेवढ्यात मागून अम्मा, तेलुगूत:
"आ इंट्लो एवरू लेरा?"
त्या घरात कुणीच नाही का?
नाही, मी म्हटलं, त्या बाईचे वडील वारले, घर रिकामं.
"मग खिडकी कोण उघडलालतं?"

कसली खिडकी?
"आधी बंद होती. मग बोटभर उघडी.
मग परत बंद."
सर माझ्याकडं बघायला लागले, मी सरांकडं.
आम्ही सगळे बुरशी बघत बसलो होतो.
रात्री सरांनी दोनदा चालवून पाहिली,
त्यांना काही सापडलं नाही.
तरी त्यांनी पत्र लिहिलं.

सोमवारी कारखान्यात चेकर ईरय्यानं
एकसष्ट विड्या छाटल्या. रोज वीस-पंचवीस जातात.
काही सैल, काही नको तितक्या आवळलेल्या.
"कुठं बसून वळलीस बे ह्या?"
"जपानात," अम्मा म्हणाली,
आणि एकसष्टचे पैसे कापून घेतले
तेही मुकाट घेऊ दिले.

उत्तर आलं सव्वा महिन्यानं.
किनुएबाईंनी लिहिलं होतं,
मी हे कधीच पाहिलं नाही.
खिडकीला आतून खिळा होता, तो मीच ठोकला.
कृपया त्यांना विचारा,
कितव्या मिनिटाला?

अम्मा पानं भिजवत होती.
मिनिट मला काय ठाऊक, म्हणाली.
हात झटकला, जरा थांबली,
बोटांवर काहीतरी मागं मागं मोजत गेली.
"लिही तिला.
तिसऱ्या कट्ट्याला.
दोरा संपला होता तेव्हा."