एक सेंट कमी

हसमुखशेठनी पंखा बंद केला.
म्हणाले, जरा बोलू नका, काटा हलतो.
काचेच्या पेटीत खडा
आणि पेटीबाहेर श्वास धरून आम्ही तिघं:
मी, शेठ,
आणि किटली घेऊन पायरीवर थबकलेलं चहावाल्याचं पोरगं.
गुजरीतली दुपार. बाहेर कुणीतरी रिक्षा मागं घेतंय.

एकोणतीस सेंट.

शंभर सेंटांचा कॅरट, शेठ सांगतात,
पाच कॅरटांचा ग्रॅम.
मी पेरांवर मोजते:
एक सेंट म्हणजे दोन मिलिग्रॅम.
दोन मिलिग्रॅम म्हणजे केवढं ओ?
'डास धरा एक,' शेठ म्हणाले. 'उपाशी.'

भिशी लागली म्हणून आले.
मुलाला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं,
ती म्हणाली, मोठा घ्या, लहान घेऊन काय दिसणार?
म्हणून अर्ध्या कॅरटचाही मागवला.
वजन जवळजवळ दुप्पट,
रुंदी पुरता मिलिमीटरभरही जास्त नाही.
वाढला की तो खोलीतही वाढतो, शेठ म्हणाले,
वरून दिसतं त्यातलं थोडंच.

मग तेहेतिसाचा निघाला एक, स्वस्तातला,
एकोणतिसाच्या शेजारी ठेवला तर उलट बारका.
सगळं वजन पोटात.
हे मला सांगायला नको,
वडगावच्या बाजारात मीठ चारून पाणी पाजलेल्या म्हशी
मी लांबून ओळखते.

शेवटी तीस सेंटांची पुडी उघडली.
तो आणि एकोणतिसाचा, डोळ्याला जुळे.
भिंगातून जुळे. बोटावर जुळे.
माझं बोट जाडं, पेर त्याहून जाडं,
कॅन उचलून उचलून झालेलं,
त्यावर दोघेही सारखेच बिचकून बसले.
पण भावात पायरी होती.
तीस भरला की वरचा दर,
आणि तो शेवटच्या सेंटाला नाही,
सगळ्या अंगाला लागतो.

ही पायरी मी चढलेली नाही,
राखलेली आहे.
एकतीस वर्षं वडणग्याच्या डेअरीत
पहाटे पाचला फॅट लावलं मी.
सहाला एक दर, पाच-नऊला दुसरा.
बाळाबाई सुताराची म्हैस
पाच-नऊच द्यायची.
पेंड बदलली, पाच-नऊ.
व्याली, पुन्हा पाच-नऊ.
एकदा थंडीत, रांग संपल्यावर,
बाळाबाई हळूच म्हणाली,
'पेन जरा वर धर की गं.'
मी धरलं नाही.
वहीत अजून असेल ते,
माझ्या सुवाच्य अक्षरात.

बरोबरच होतं माझं.
तपासणीस आले तेव्हा पाठ थोपटून गेले.
तरी शेठच्या चिमट्यात तो खडा बघताना
मला थंडीतली तिची बरणी आठवली,
झाकणाला बांधलेलं फडकं,
आणि एक उपाशी डास.

'एकोणतीसच द्या,' म्हटलं.
शेठना वाटलं, बाई हिशेबी आहे.
आहेच.
पंखा सुरू झाला, कागद उडाले,
पोरानं चहा ओतला, निम्मा बशीत.

चार दिवसांनी अंगठी आली.
घरी दाखवायच्या आधी
सुतारगल्लीत गेले.
बाळाबाई ओट्यावर लसूण सोलत बसलेली.
हात पुढं केला.
'डोळं गेल्यात माझं,' म्हणाली, 'काढून दे.'
पेरावरून निघेना, थुंकी लावून काढली.

तिनं तळहातावर घेतली,
लसणाची सालं अजून बोटांना चिकटलेली,
आणि खालीवर केली दोनदा,
बाजारात कांदा तोलतात तशी.
कितीचा, काय विचारलं नाही.
मीच म्हणाले, एक कमी आहे गं.
पाच-नऊ.

ती थांबली. पुन्हा एकदा तोलली,
या खेपेला सावकाश.
'छ्या,' म्हणाली,
'सहा भरंल की.'