आगू

गड्ड्यातले पाळणे उतरवून
ट्रक कधीच पुढच्या जत्रेला गेले.
होम मैदानावर खुंट्यांचे खड्डे तेवढे उरले
आणि थंडी अजून आमच्या विडी घरकुलात
भाडं न देता राहिलेली.

सोलापुरात कसली थंडी, म्हणतील लोक.
खरंय, इथं दव गोठत नाही.
पण पाणी सुटायचा पाचवा दिवस उजाडतो,
पहाटे चारला घागरीच्या काठाला बोटं चिकटतात,
आणि तेवढा गारठा पुरतो
दोडक्याच्या बियाला डोळा न उघडायला.
मऊ पडतं ते, आतल्या आत कुजतं.
मागच्या साली मी एकवीस बिया अशा पुरल्या.
पुरल्या, हाच शब्द बरोबर.

चादरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
धोटा थांबला की पगार कापला जायचा.
थांबणं माझ्या हाताला येत नाही.
दाराशी चार बाय दहाची जागा,
कुंभारीच्या रानातून सायकलवर आणलेली काळी माती,
शेणखत, जुन्या मागाच्या पट्ट्यांचा मांडव,
सगळं तयार करून
मी रोज सकाळी बियांची डबी हलवतो.
राजमणी सुपातून मान वर करत नाही.
"आगू," म्हणते.

आगू म्हणजे थांब.
घरात तेलुगू, पण शाळा माझी मराठी झाली,
मला त्या शब्दात दर वेळी आग ऐकू येते.

शेजारी हलीमाबीनं वाट पाहिली नाही.
तिच्या भेंड्या चार आल्या,
चारही पिवळ्या, मान टाकलेल्या.
"शिवरात्र होऊ द्यायची होती," ती मलाच सांगते,
"थंडी शिव शिव करत जाते म्हणतात ना तुमच्यात."
आणि पुन्हा आळं उकरायला बसते.

राजमणी दुपारी दोनदा उठते.
हाताच्या पालथ्या बाजूनं माती बघते,
पोराचा ताप बघावा तशी.
मग काही न बोलता परत सुपापाशी.
पान, तंबाखू, वळण, दोरा.
हजाराला अजून दोनशे कमी.

काल रात्री ती तेंदूची पानं भिजवून
ओल्या गोणपाटात गुंडाळत होती.
कंदील नाही, बल्बच होता, पण पिवळा, चाळीसचा.
कनवटीला काहीतरी फुगलेलं दिसलं.
पैसे असतील म्हणून मी विचारलं नाही.
तिनंच सोडलं.
ओल्या फडक्याची पुरचुंडी,
आत माझ्या डबीतल्या बिया.
म्हणजे चार दिवस मी हलवत होतो
ती डबी अर्धी रिकामी होती,
आणि मला आवाजावरनं कळलं नाही!
मागाचा एक धागा तुटला तर
झोपेत कळायचं मला.

प्रत्येक बीला पांढरं टोक,
तांदळाच्या कणीएवढं.
चार दिवस तिच्या पोटाशी,
विड्यांच्या हजेरीत, नळाच्या रांगेत,
कारखान्यात मुकादम छाट काढत असताना,
त्या तिथं बसून
ऊब खात होत्या.

"मग लावू या?" मी चप्पल घालायच्या आत म्हटलं.
ती बाहेर आली. वाकली.
पालथा हात मातीवर, बराच वेळ.
कुठंतरी मिलच्या बाजूनं कुत्रं भुंकलं.
"आगू."

पुरचुंडी परत कनवटीला गेली.

आज दुपारी मी अकरा आळी करून ठेवली.
नंतर एकेकात बोट घालून बघितलं,
पहिल्या पेरापर्यंत कोमट,
दुसऱ्यापाशी अजून माघ.
तसाच बसून राहिलो, अनवाणी,
पाय मातीत.
हलीमाबीनं भिंतीवरून विचारलं, काय चाललंय.
काही नाही, म्हटलं.
पाणी उद्या यायचंय.