१४७ बटा दोन

गच्चीत नको, आत बसू, शशांक म्हणाला.
बाहेर शेजाऱ्यांची कढी फोडणीला पडली होती
आणि आज नाक उसनं द्यायचं नव्हतं कुणाला.

टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन बाटल्या.
द्राक्ष एकच, शिराझ. साल एक. तळघर एक,
रतलामच्या अलीकडचं. शेत तेवढं वेगळं.
ज्या तुकड्याची बाटली, त्याच तुकड्याचे घड,
बांधापलीकडचा एक मणीही नाही.

आम्ही पाच जण रामबागेतले,
त्यात सरमंडल लसणाची शेव खिशात घालून आलेले.
ती दारातच जमा करून घेतली,
कोर्टात हत्यार ठेवून घेतात तशी.

पहिली.
मंजिरी म्हणाली, जांभूळ.
सरमंडल म्हणाले, जांभूळ नव्हे,
जांभूळ खाऊन झाल्यावरची जीभ.
शशांकनं ग्लास पांढऱ्या रुमालावर तिरका धरला,
कडेचा रंग बघत राहिला, सोनारासारखा, एक डोळा मिटून.
मी म्हणालो, मुरूम.
हसले सगळे.
हसा. छत्तीस वर्षं जमिनी मोजल्यात या तंगड्यांनी.
वर चार बोटं माती, खाली पिवळा मुरूम,
पाणी थांबत नाही अशा बरडीवरची ही.
तहानेनं शहाणी झालेली.

दुसरी.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग शाईची दौत. काताचा खडा. ओलं पोतं.
हिरड्यांना धरून बसणारा तुरटपणा,
पाहुणा उठतो उठतो म्हणत बसून राहतो तसा.
काळी माती, मी मनात म्हणालो. खोल. विहीर जवळ.

तिसरी दुसरीसारखीच.
नाही, जरा रुंद.
नाही हो, रुंद ती होती, ही आखडून आहे.
पुन्हा ओतली. पुन्हा गोल फिरवली. पाणी, कोरडा पाव, पुन्हा.
पाच जणांत तीन विरुद्ध दोन,
आणि थोड्या वेळानं दोन विरुद्ध तीन, माणसं बदलून.

मग कागद काढले.
लेबलवर ना किल्ला, ना घोडा, ना कुणा मुलीचं नाव.
नुसते खसरा क्रमांक. असते एकेकाची हौस.
पहिलीवर ९२.
दुसरीवर १४७ बटा एक.
तिसरीवर १४७ बटा दोन.

बटा म्हणजे वाटलेलं.
ती तिरपी रेघ माझी.

चौऱ्याऐंशीचा फाल्गुन. दोघे भाऊ, मोतीलाल आणि भेरूलाल,
बांध नसलेल्या गव्हात समोरासमोर उभे.
मधे मी, जरीब, आणि तिचं टोक धरलेला कोटवार.
विहिरीपाशी हिशेब दोन कड्यांनी चुकत होता.
उन्हातून मोतीलालच्या बायकोनं ताक आणलं होतं,
जिरं भाजून घातलेलं.
भेरूलालकडून कुणी आलं नाही.
दोन कड्या म्हणजे किती? दोन वीत.
मी त्या ताकाच्या बाजूला टाकल्या
आणि नकाशावर शिक्का मारला.

आता तिथे गहू नाही. दोघे भाऊही नसतील.
मी दोन्ही ग्लास पुढे ओढले,
एक घोट इकडचा, एक तिकडचा,
तोंडात शोधत राहिलो ती दोन वितींची पट्टी.
मंजिरीनं विचारलं, काय लागलं तुम्हाला?
जिरं, म्हणणार होतो. म्हणालो, सांगता येत नाही.

थुंकायला मधे एक स्टीलचा डबा ठेवला होता.
त्यात ९२, १४७ बटा एक, १४७ बटा दोन,
सगळं एक झालेलं, वर पावाचे तुकडे तरंगत.
सरमंडलांनी शेव परत मागून घेतली
आणि निघताना सगळ्यांना मूठमूठ वाटली,
कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

घरी दार उघडून हिनं नाक मुरडलं.
इतक्या रात्री कुठून?
चपला काढत म्हणालो,
मोजणीला गेलो होतो.